कलर प्रिंटच्या आरए-४ प्रोसेसचा डेव्हलपर ३५ डिग्रीवर कसा धरायचा? (सांगली)

कृष्णाकाठचा_फोटोवाला:
मंडळी, ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट घरी करतोच, आता डायक्रो हेडचा (आतच रंगीत फिल्टर असलेला) जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठं पाडायचं यंत्र, हाताला लागला म्हणून कलर सुरू केलंय. बाथरूममध्येच ट्रे मांडतो. डेव्हलपरची (कागदावर चित्र उमटवणाऱ्या केमिकलची) बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवून ३५ वर आणतो पण ट्रेत ओतला की बघता बघता ३१, आणि रात्री उशिरा तर आणखी खाली. एकच निगेटिव्ह, फिल्टर तेच, ५० मजेंटा (गुलाबी-जांभळा) ६० यलो, एक्स्पोजर तेच, डेव्हलपरला ४५ सेकंद, तरी दुपारचे प्रिंट बरे आणि रात्रीचे फिके, निळसर. शिवाय पांढऱ्या बॉर्डरला गुलाबी डाग. थर्मोस्टॅटवर पैसे घालू का?

अजिंक्यतारा_३५एमएम:
३५ चा नाद सोडा राव. ३५ ला ४५ सेकंद हे लॅबच्या मशीनचं गणित, तिथं कागद पटापट बाहेर पडायला लागतो, तुम्हाला कसली घाई? मी साताऱ्यात थंडीत २४ ला दोन मिनिटं देतो, मस्त प्रिंट येतात. आरए-४ मध्ये डेव्हलपमेंट जवळजवळ पुरी होऊ द्यायची असते, त्यामुळं वीस-तीस सेकंद जास्त झाले तर फारसं काही बिघडत नाही, पण कमी पडलं की लगेच दिसतं. यलोचा थर कागदात सगळ्यात तळाला असतो, डेव्हलपर तिथपर्यंत नीट पोचला नाही तर काळा निळसर मारतो. तुमचं रात्रीचं दुखणं बहुतेक हेच.

मिरज_डार्करूम:
वरचं बरोबर आहे पण व्होल्टेज पण बघा की. संध्याकाळी आमच्याकडं दिवे मंद होतात, एन्लार्जरचा हॅलोजन दिवा पिवळा पडला की कागदाला निळा उजेड कमी मिळतो आणि प्रिंट फिका, निळसर येतो. म्हणजे लक्षण तेच, कारण वेगळं. आधी स्टॅबिलायझर घ्या, थर्मोस्टॅट नंतर.
आणि रंग ओल्या प्रिंटवर ठरवू नका, ओला कागद निळसरच दिसतो. हेअर ड्रायरनं वाळवा मग फिल्टरला हात लावा. मजेंटा जास्त दिसला तर मजेंटा वाढवायचा, उलटं असतंय हे. सायन (निळा-हिरवा) फिल्टर शून्यावरच ठेवा.

कोयना_बॅकवॉटर:
डागाचं कुणी बोललंच नाही. डेव्हलपरमधून थेट ब्लिक्समध्ये (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं केमिकल) टाकताय ना? मधे स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम तिथंच थांबवणारं द्रावण) पायजेच, पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, झालं काम. ब्लिक्सचा एक थेंब जरी डेव्हलपरमध्ये गेला तरी डेव्हलपर गेला समजा, म्हणून अंधारात ट्रेचा क्रम कधी बदलायचा नाही आणि चिमटे वेगवेगळे. ग्लोव्हज घाला, कलर डेव्हलपरनं हाताला खाज सुटते आणि एकदा सुटली की दर वेळी सुटते. डेव्हलपर बोअरच्या पाण्यात कालवू नका, आरओचं घ्या.
२४ चं मात्र मला पटत नाही. एप्रिल-मेत सांगलीत २४ कुठनं आणणार, टाकीचं पाणीच चटका देतंय. ३० धरा, साधारण एक ते सव्वा मिनिट. मोठ्या ट्रेत पाणी, त्यात फिश टँकचा हीटर, त्यात डेव्हलपरचा ट्रे. तो हीटर बहुतेक ३२-३४ च्या वर जात नाही, म्हणून ३५ ला उपयोगी नाही पण ३० ला झकास. उन्हाळ्यात हीटर बंद आणि पाण्यात बर्फाची बाटली.

कृष्णाकाठचा_फोटोवाला:
स्टॉप बाथ नव्हताच. फिश टँकचा हीटर भावाकडं पडून आहे, आजच आणतो. व्होल्टेज मीटर लावून बघतो रात्री, आणि तोच निगेटिव्ह ३० ला ७५ सेकंदांनी काढून इथं टाकतो. आरओचा २० लिटरचा जार चालंल ना?

कोयना_बॅकवॉटर:
चालतोय की.