पांडाज या पायथनमधल्या तक्त्यांच्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओळवार गणित आणखी ठळक हवं का?

आकडेवेडा: पावसाचा एक तक्ता घ्या. रोला माण, जावळी, महाबळेश्वर. कॉलमला जून, जुलै, ऑगस्ट. तालुक्याच्या एकूण पावसापैकी कुठल्या महिन्यात किती टक्के पडला, ते काढायचंय. नवा माणूस सरळ लिहितो: डीएफ / डीएफ.सम(अ‍ॅक्सिस=१), म्हणजे तक्ता भागिले प्रत्येक ओळीची बेरीज. एरर येत नाही. येतो तो सहा कॉलमचा तक्ता: महिन्यांच्या शेजारी तालुकेही कॉलम होऊन बसलेले आणि अठराच्या अठरा घरांत नॅन, म्हणजे 'आकडा नाही'! कारण सीरिजचा (इथे बेरजांच्या यादीचा) इंडेक्स, म्हणजे तिच्यातली तालुक्यांची नावं, कॉलमच्या नावांशी जुळवला जातो. हवं असतं डीएफ.डिव्ह(बेरीज, अ‍ॅक्सिस=०). माझं म्हणणं, हे फसलेलं उदाहरण आउटपुटसकट डिव्ह (भागाकार), सब (वजाबाकी) या मेथडच्या पानांवरच द्यावं.

जुना_कोडर: असहमत. सीरिज कशाशी जुळवायची ते अ‍ॅक्सिस ठरवतो, हे त्या पानांवर लिहिलेलं आहे, उदाहरणंही आहेत. शिवाय अ‍ॅड, सब, मल, डिव्ह यांची पानं एकाच साच्यातून निघतात. एक तक्ता घातला की तो सगळीकडे उमटणार. नेमकी माहिती शोधायला आलेल्यानं किती स्क्रोल करायचं?

तिरपी_बेरीज: मला वेगळंच खटकतं. एकाच ओळीत बेरजेला अ‍ॅक्सिस=१ आणि भागाकाराला अ‍ॅक्सिस=०. शिकवताना वर्ग इथेच अडतो. शून्याऐवजी 'इंडेक्स' लिहिलेलं चालतं, मग उदाहरणांत तेच वापरा की.

जुना_कोडर: हे मान्य. पण मूळ वर्तन नंपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीसारखंच आहे, तिथेही आकार शेवटच्या मितीपासून जुळवतात. तेवढं माहीत असलं की झालं.

आकडेवेडा: नाही हो, तिथेच तर फरक आहे. नंपायमध्ये (४,३), म्हणजे ४ ओळी-३ कॉलमच्या तक्त्यातून (४,), म्हणजे ४ आकड्यांची यादी वजा करा, व्हॅल्यूएरर येऊन काम थांबतं. पांडाज पुढे जातं. आणि ३×३ तक्त्याच्या रो-कॉलमना नावंच दिली नसतील, तर दोन्हीकडे ०, १, २. मग ओळीची सरासरी वजा करायला जा, नॅनसुद्धा दिसणार नाही; चुकीचे आकडे थेट रिपोर्टात.

जुना_कोडर: हे ३×३चं प्रकरण खरंच गंभीर आहे, ते लिहायलाच हवं. पण यूजर गाईडमध्ये, एकदाच. मेथडच्या पानांवरून तिकडे लिंक द्या.

आकडेवेडा: अडलेला माणूस सर्च करून मेथडच्याच पानावर येतो, गाईड उघडत नाही. दोन ओळींची सूचना तरी तिथेच हवी.