पार्किन्सन्समधलं प्रथिन पेशीतून पेशीत जातं म्हणजे काय होतं?

प्रश्न: बाबांना पार्किन्सन्स झालाय. सही बारीक होत गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून फोडणी करपली तरी त्यांना वास यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, खराब प्रथिन मेंदूत पसरतं. ते कसं? आणि आई त्यांच्याच ताटात जेवते, तिला काही होईल का?

प्रतिसाद १: आईंना निर्धास्त जेवू द्या, हा आजार उष्ट्याने होत नाही. प्रथिनाचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. निरोगी पेशीतही ते असतंच. त्याची घडी बिघडली की धागे तयार होतात. धाग्याचा तुकडा बाहेर पडतो, शेजारची पेशी तो आत घेते आणि विरजण लागावं तसं तिथलं चांगलं प्रथिनही बिघडतं. 2008 साली शवविच्छेदनात दिसलं, की रुग्णांच्या मेंदूत उपचार म्हणून रोपण केलेल्या गर्भपेशींतही दशकभरानंतर याच प्रथिनाचे गोळे, म्हणजे लेवी बॉडीज, झाले होते. त्या पेशी तर कोवळ्या होत्या, म्हणजे बिघाड शेजारच्या पेशींकडूनच आला असावा! मला हा पुरावा फार मोठा वाटतो.

प्रतिसाद २: वासाचं तुम्ही अचूक टिपलंत. हाइको ब्राक या जर्मन मेंदू-संशोधकांनी 2003 मध्ये मांडलं, की सुरुवात वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या बुंध्यात होते, हालचालीचा भाग नंतर तावडीत सापडतो. सगळ्याच रुग्णांत हा क्रम जुळत नाही, हेही खरं.

प्रश्नकर्ती: मग बाबांची जुनी बद्धकोष्ठता?

प्रतिसाद २: तीही पुष्कळदा कंपाच्या कैक वर्षं आधी येते. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा, त्यावर उपाय आहेत.