कंट्रोलातली केवायसी: रेशन कार्ड चालू ठेवताना तुम्हाला काय काय करावं लागलं?

दिघोरीकर

या महिन्यात कंट्रोलातून २० किलोच धान्य आलं. कार्डावर नावं ५, माणशी ५ किलो, म्हणजे २५ यायला हवं होतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "आजीची केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी आहे भाऊ. घेऊन या एकदा." आजी म्हणजे माझी आई. वय ७८, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. दुकान आमच्या दारापासून २०० पावलांवर आहे आणि ती २०० पावलं आमच्यासाठी मुंबईइतकी लांब.

धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. त्याआधी गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये होता. तेव्हा ५ किलोंसाठी कायले एवढी धावपळ, असं कोणी म्हणेल. पण आज ५ किलो अडले आणि उद्या कार्डावरून नावच गेलं, तर ते परत चढवायला किती वर्षं लागतात हे गल्लीत बघितलंय. त्यातून जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशनवाटपाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. आता ही केवायसी दर ५ वर्षांनी करायची आहे. म्हणजे एकदा अंगठा लावला की सुटलो, असं नाही.

तुमच्याकडे कसं झालं ते लिहा. म्हाताऱ्या माणसांचं, अंगठा न उठणाऱ्यांचं, बाहेरगावी असलेल्यांचं. "ऐकलंय की..." नको, स्वतःवर बेतलेलं हवं.

झिंगाबाईची सून

सासूबाईंचा अंगठा ४ वेळा लावला, चारही वेळा मशीन नाही म्हणाली. ३० वर्षं ४ घरची भांडी घासली त्यांनी. राखेनं बोटाच्या रेषा पुसल्या गेल्या बाप्पा, उरल्याच नाहीत.

मग कोणी सांगितलं, मोबाइलवर चेहऱ्यानं होते. दोन ॲप घ्यावे लागतात. एक 'मेरा ई-केवायसी', दुसरं आधारचं 'फेस आरडी'. राज्य निवडायचं, आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग चेहरा. सोपं वाटते ना? ओटीपी गेला माझ्या भासऱ्यांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर बंद पडून ६ वर्षं झाली. म्हणजे आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. तिथंही अंगठाच मागितला! शेवटी बुबुळांवर झालं. ऑटोचे जाऊन-येऊन पैसे वेगळे.

घरी आलो, ॲप लावलं. स्क्रीनवर सांगते, डोळ्यांची उघडझाप करा. सासूबाईंनी डोळे मिटले ते मिटलेच. म्हटलं आई, उघडा. तर म्हणे, "मले वाटलं देवाचं नाव घ्यायचं आहे." घरात अंधार होता, दारात खुर्ची टाकली, उन्हाकडे तोंड केलं, पाचव्यांदा झालं. नंतर स्थिती पाहिली, नावापुढे 'वाय' दिसला. तो 'वाय' दिसला नाही तर झालं असं समजू नका.

गिलावा

भाऊ, मी मिस्त्री आहे, वाठोड्याकडे राहतो. सिमेंटनं बोटं खाल्ली आहेत. माझा अनुभव ऐका.

दुकानदार सगळ्यांचा उजवा अंगठाच दाबतो. सवय झाली त्याले. पण आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात ना! माझा उजवा अंगठा गेलेला, डावा गेलेला, तर्जनी अर्धी. डाव्या हाताची अनामिका लावली, एका झटक्यात झालं. त्या बोटाले थापीचं काम नसते न, म्हणून वाचलं असंन. निंबू चोळा, केसावर बोट घासा, हे सगळं करून पाहिलं, काही नाही होत. हात कोमट पाण्यानं धुवायचे, कोरडे करायचे आणि जे बोट कामाले कमी लागते ते आधी लावायचं. कामावरून थेट नका जाऊ, सुट्टीच्या दिवशी जा.

उनाड पोट्टा

मी हडपसरला असतो, कार्ड नागपूरचं. इथल्याच रेशन दुकानात केवायसी झाली. आधार नंबर, अंगठा, ४ मिनिटं. दिवाळीपर्यंत थांबून नागपूरले जायची काही गरज नाही. घरच्यांनी उगाच ३ महिने फोनवर बोलणी खाऊ घातली.

शेवटचा खण

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. नाव दिसत नाही म्हणून लिहिते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. कोरोनाची दुसरी लाट होती, तेव्हा कोण कार्डावरून नाव कमी करायला जाणार? मग राहूनच गेलं. कंट्रोलात घरातल्या कोणा एकाचा अंगठा लागला की सगळ्यांचं धान्य निघायचं. मामाजींचंही निघायचं. सुरुवातीला लक्षातच आलं नाही. नंतर आलं, आणि आम्ही गप्प बसलो. यांचं काम सुटलेलं होतं, दोन पोरं, त्या ५ किलोंचा आधार होता. चोरी म्हणा. मी पण मनात तेच म्हणायची.

केवायसी आली तेव्हा दुकानदार काका म्हणाले, "आजोबांना आणा." त्यांना माहीत होतं. अंत्ययात्रेला होते ते. माझ्याकडे न बघता म्हणाले, मशीनकडे बघत. मी म्हटलं, आणते. घरी येऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन रेशनच्या परिमंडळ कार्यालयात गेली. नाव कमी करायचा नमुना ९ भरला. कोणी काही विचारलं नाही, कोणी रागावलं नाही. तिथंच कळलं की नाव चढवायचा नमुना ८ असतो. माझी धाकटी ४ वर्षांची, तिचं नाव कार्डावर नव्हतंच. तोही भरला. मामाजींचं नाव १२ दिवसांत कमी झालं. मुलीच्या नावाला ८ महिने होत आले.

एकच कार्ड, एकच टेबल, एकाच दिवशी दिलेले दोन अर्ज. हे काहून असं होते, कोणी सांगेल का?

निवृत्त कारकून

मी सांगतो. पुरवठा खात्यात ३१ वर्षं काढली, नागपुरात नाही, विदर्भातच.

याचं कारण एक शब्द आहे: इष्टांक. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. किती लोकांना लाभ द्यायचा हे २०११ च्या जनगणनेवरून ठरलं. राज्यात ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के, मिळून साधारण ७ कोटी माणसं. तो आकडा तिथंच गोठला आहे. तेव्हापासून नागपूर हुडकेश्वरच्या पलीकडे गेलं, बेसा-पिपळ्याला इमारती उभ्या राहिल्या, पण इष्टांक जनगणनेचाच. त्यामुळे कोणी कमी झालं तरच दुसरा आत येतो. नाव कमी करायला जागा लागत नाही, चढवायला लागते. ताई, तुमच्या सासऱ्यांची जागा रिकामी झाली, पण ती तुमच्या मुलीसाठी राखून ठेवलेली नसते. ती शहराच्या इष्टांकात जाते आणि रांगेत पुढे असलेल्याला मिळते.

म्हणून केवायसीकडे फक्त छळ म्हणून बघू नका. मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, दोन-दोन कार्डांवरची नावं निघाली नाहीत तर खरा गरजू बाहेरच राहतो. छळ होतो हेही खरं आहे, मी नाकारत नाही. टेबलाच्या अलीकडे बसून मीही लोकांना "उद्या या" म्हटलेलं आहे.

आणखी एक. अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही तिथं गेलाच नव्हता.

शेवटचा खण

पोच नाही घेतली मी. उद्या जाते.

एमआयडीसी नाइट

अंगठ्याचं जमलं, माझं गाडं उत्पन्नावर अडलं.

२०२५ च्या एप्रिल-मेमध्ये अपात्र कार्डं शोधायची मोहीम झाली. दुकानदारानं फॉर्म दिला. त्यासोबत राहण्याचा पुरावा, तोही एका वर्षाच्या आतला. मी हिंगण्याकडे भाड्याच्या खोलीत. वीजबिल मालकाच्या नावावर. भाडेपावती मागितली तर मालक म्हणाला, "लिहून दिलं की तू खोली सोडणार नाहीस." मी १४ वर्षांत एक दिवस भाडं थकवलं नाही. शेवटी गॅसची पावती चालली, तिच्यावर पत्ता होता. बायकोच्या नावाचा सिलिंडर कामी आला. अशी प्रत्येक पावती जपून ठेवत जा.

मग उत्पन्नाचं हमीपत्र. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे माणशी ५ किलोच्या कार्डासाठी, शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा आहे, गावात ४४,०००. पेन हातात घेऊन भागाकार केला: महिन्याला ४,९१६ रुपये. मी रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. यापेक्षा जास्त मिळते हे कोणालाही दिसते. खोलीचं भाडंच ३,५०० आहे. मग मी गरीब नाही का? ही मर्यादा इतक्या वर्षांत हललीच नाही. किराणा हलला, शाळा हलली, दवाखाना हलला.

काय लिहिलं ते इथं सांगत नाही. सही करताना हात थरथरला, एवढं सांगतो.

तर्रीवाला

म्हणजे खोटं लिहिलं. अशांमुळेच आमच्या करातून फुकट्यांची पोटं भरतात. आमच्या गल्लीत कार्डावरचा तांदूळ घेऊन तिथंच विकणारे आहेत.

कामठीची बिडी

विकणारे आहेत, हाओ. आमच्या इथं पण आहेत. पण भाऊ, तुम्ही सकाळी पोह्यावर तर्री घेऊन लिहून राहिले, तो माणूस रातभर गेटवर उभा राहून लिहून राहिला. थोडं जपून.

माझं छोटंसं आहे. नातवाचं निळं आधार होतं, बाल आधार. ५ वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेतच नाहीत, तर मशीनवर लागणार कशे? मी बह्याडासारखी त्याले ३ वेळा दुकानात नेलं. आता तो ६ चा झाला. आधार केंद्रात बोटं, डोळे नोंदवले, मग कंट्रोलात केवायसी झाली. १५ व्या वर्षी आधार परत करावं लागते म्हणे. लेकरं वाढतात, बोटं पण वाढतात.

नागनदीकाठ

माझं कार्डच पाण्यात गेलं. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र. अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटे आमच्या खोलीत छातीभर पाणी. लोखंडी पेटीत ठेवलेलं कार्ड वाळल्यावर पापडासारखं तुटलं. दुय्यम कार्डासाठी नमुना १५. पण नंबर पाहिजे ना! तो १२ अंकी नंबर सापडला कुठं, तर पिठाच्या डब्यात. मी मशीनच्या जुन्या पावत्या डब्यात टाकत असते, सवय आहे. डबा वरच्या फळीवर होता. आता नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला, शिवाय मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो.

माप

मी कंट्रोलवाला. गाव-वस्ती सांगत नाही.

इथं आमच्यावर बरंच आलं, काही बरोबर आहे. उजव्या अंगठ्याचं खरं आहे. समोर ४० माणसं असली की दहा बोटं कोण तपासणार? क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये १७० झाले. त्यात दुकानाचं भाडं, हमाल, वीज, आणि सर्व्हर बंद पडला की शिव्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केवायसीला येऊच नका. धान्याची गर्दी असते, नेटवर्क रांगते. २० तारखेनंतर दुपारी ३ ला या, मी बसून मोबाइल बघत असतो.

दिघोरीवाले दादा, तुमच्या दुकानदाराला घरी बोलवा. मशीन उचलून नेता येते, बॅटरीवर चालते. मी माझ्या भागात ११ जणांकडे गेलो, सगळे पलंगावरचे. त्यातल्या दोघांचं नाही झालं. एका आजीबाईंनी चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही, आणि दूध माझ्याच पैशानं आणायला लावलं.

दिघोरीकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः गिलावा आणि माप यांचे.

आधी चेहऱ्याचं ॲप करून पाहिलं. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याची पापणी पुरती मिटत नाही. ३ वेळा नापास. मग २२ तारखेला दुकानदाराकडे गेलो, सरळ म्हटलं, मशीन घेऊन घरी चला. तो थोडा कुरकुरला, मग मशीन पिशवीत टाकून आला. आतल्या खोलीत नेटवर्क नाही. मी, माझा मुलगा आणि दुकानदार, तिघांनी पलंग आईसकट उचलून व्हरांड्यात आणला. शेजारचे जमा झाले, त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं.

उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. मी म्हटलं, अनामिका. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?" डाव्या अनामिकेवर चांदीची अंगठी होती, ती निघेना, साबण लावून काढली. दुसऱ्या खेपेला हिरवा दिवा.

आई म्हणाली, "झालं का? आता अंगठी घाल परत." ती काही परत जाईना, बोट सुजलं होतं. अजून माझ्या खिशातच आहे. पुढच्या महिन्याची पावती आली की २० आहे की २५, ते लिहितो.