गळ्यात घालायचा दिवा: बाबांचं वाचन, सिंकखालची खुडबूड आणि रेल्वेची बर्थ, एकात भागेल का?

मधली_बर्थ

नमस्कार मंडळी. आमचे बाबा (वय ७६, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय) पहाटे तीनला उठून वाचत बसतात. ट्यूब लावली की आई पांघरुणातूनच ओरडते. टेबललॅम्प आणला, तर वायर बोर्डापर्यंत पुरेना. एक्स्टेन्शन ओढलं तर बाबा अंधारात त्यात पाय अडकून पडतील, म्हणून तेही नको. सध्या मोबाइलची बॅटरी हनुवटीखाली दाबून पोथी वाचतात. पान उलटलं की मोबाइल मांडीवर.

दुसरं गिऱ्हाईक आमचे हे. रविवार आला की सिंकखाली आडवे होतात आणि बॅटरी धरायला मी. "इकडे धर गं. अगं इकडे म्हणजे तिकडे नाही." आमच्या लग्नातली निम्मी भांडणं याच बॅटरीवरून झाली असतील.

तिसरी मी. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वरने येणंजाणं असतं. दहानंतर डब्यातले मोठे दिवे बंद झाले की वाचन संपलं. बर्थचा छोटा दिवा लागला तर लागला, आणि लागला तरी उजेड नेमका पुस्तक सोडून सगळीकडे.

ते गळ्यात अडकवायचे, दोन्ही टोकं वाकवता येणारे दिवे मिळतात ना, त्यातला एक घेतला तर तिघांचं भागेल का? बजेट हजार-बाराशे.

सोल्डरवाला_मिरज

ताई, दोघांचं भागेल. तुमच्या यजमानांचं नाही. का ते सांगतो. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीत जन्म गेला, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलतो, चालवून घ्या.

आधी बाबांचं. गळ्यातला दिवा पुस्तकापासून फूटभरावर असतो, ट्यूब सहा-सात फुटांवर. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट पडतो, हे शाळेत शिकलोय आपण. म्हणून एवढासा दिवा पुरतो. जाहिरातीतल्या ल्यूमेनच्या (दिवा एकूण किती उजेड देतो त्या मापाच्या) आकड्याला भुलू नका. त्यापेक्षा हे बघा: रंग बदलता येतो का? साधारण २७०० ते ३००० केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. पहाटे तीनला पिवळाच लावायचा. ऑपरेशननंतरची नवी लेन्स स्वच्छ असते, त्यामुळे निळसर उजेड काहींना फार खुपतो. माझा थोरला भाऊ ऑपरेशननंतर घरातल्या सगळ्या पांढऱ्या एलईडींना शिव्या घालत होता. पण पिवळा म्हणजे मिणमिणता नव्हे. म्हातारपणी डोळ्याची बाहुली लहानच राहते, लेन्स नवी घातली तरी. तेव्हा उजेडाचे टप्पे तीन तरी हवेत आणि बाबांना वरचा टप्पा लागेल.

टोकं अशी वाकवायची की एलईडीचा ठिपका त्यांना स्वतःला दिसता कामा नये. चष्मा असेल तर काचेच्या खालच्या कडेला झळाळी येते, मग लोक म्हणतात दिवा वाईट. दिवा वाईट नसतो, मान वाकडी असते. त्याची हो, दिव्याची.

आणखी एक. उजेड मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. डोळ्याला कळत नाही, पण तासभर वाचलं की काहींचं डोकं धरतं. असला दिवा परत करायचा.

आता यजमान. दुरुस्तीला उजेड कुठून येतो याला महत्त्व. कपाळावरचा किंवा गळ्यातला दिवा तुम्ही बघता त्याच दिशेने पडतो, त्यामुळे सावली वस्तूच्या मागे लपते आणि सगळं सपाट दिसतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांना ड्राय सोल्डर व्हायचं, म्हणजे सोल्डरचा टाका आतून सुटायचा. पायाभोवती केसाएवढी गोल चीर. समोरून कितीही उजेड मारा, टाका चकचकीत आणि धडधाकट. तोच दिवा बोर्डाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की चीर काळी उठून दिसायची. पोरं आख्खा ट्रान्सफॉर्मर बदलायला निघायची, मी दिवा फिरवायचो. सिंकखालीही तेच. पाझर कुठल्या आट्यातून आहे ते तिरक्या उजेडात ओल चमकली की कळतं.

म्हणून त्यांना वेगळा घ्या: लवचीक मानेचा, बुडाला चुंबक असलेला. फक्त खरेदीआधी घरातला चुंबक नेऊन लावून बघा. स्टीलच्या बऱ्याच सिंकना चुंबक चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियमला तर नाहीच. तिथे चिमट्याचा घ्यावा लागेल. आणि बाबांना पेसमेकर असेल तर चुंबकवाला दिवा त्यांच्या छातीच्या खिशात जाणार नाही एवढं बघा, वीतभर लांब असलेला बरा.

सुईदोरा

काकांच्या तिरक्या उजेडाला माझा दुजोरा. शिलाई मशीनला चिकटवायचा वाकत्या मानेचा दिवा मिळतो, दोन-तीनशेत. काळ्या कापडावर काळी शिवण उसवायची असेल तर तो डावीकडून, कापडाच्या पातळीला आणते. टाके वर उठतात. समोरून लावला तर नुसतं काळं. फक्त त्याची वायर मशीनच्या चाकापासून लांब बांधा, ती चाकात जातेच.

वाटाड्या

रेल्वेचं मला माहीत नाही, पण चालण्यासाठी कुणी हा धागा वाचत असेल तर गळ्यातला नको, कपाळावरचाच. कळसूबाईला पहाटे बारी गावातून निघालात की लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि नजर जाईल तिथे उजेड लागतो. दोनशे-तीनशे ल्यूमेन भरपूर झाले.

पण पावसाळ्यात धुकं आलं की कपाळावरचा दिवा शत्रू. उजेड थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत. अशा वेळी दिवा डोक्यावरून काढून कमरेला बांधा आणि खाली रोखा. पायवाटेचे दगड लगेच दिसायला लागतात, कारण आता त्यांची सावली दिसते. हे काकांचंच गणित झालं की!

लाल दिव्याची सोय असेल तर ती वापरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकाने पांढरा झोत तोंडावर मारला की सगळी गेली. ग्रुपमध्ये बोलायला मान वळवणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. आणि जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार असाल तर कुठलाच दिवा नको, लालही नको. ते बिचारे एकमेकांना खुणा करत असतात.

सेल घालायचा हेडलॅम्प असेल तर सॅकमध्ये टाकताना एक सेल काढून ठेवा. बटण दाबलं जाऊन आतल्या आत जळत राहतो.

मधली_बर्थ

सगळ्यांचे आभार. बाबांना पेसमेकर नाही. यांना तिरक्या उजेडाचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "मी तेच सांगत होतो, इकडे धर!" पुढे मी काही बोलले नाही.

गळ्यातला काल दुकानातून आणलाय, पिवळा-पांढरा दोन्ही, कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. पण एक गोची. सी टाइप पिन आहे, आणि माझ्या नव्या फोनच्या चार्जरवर लावला तर चार्जच होत नाही. शेजारच्यांच्या जुन्या चार्जरवर झाला. पीस खराब का?

सोल्डरवाला_मिरज

खराब नाही, कंजूष आहे. तुमच्या नव्या चार्जरची वायर दोन्ही बाजूंनी सी. तो चार्जर पलीकडे कोण आहे हे ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही. ओळख पटवायला दिव्याच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. किंमत पैशांत, तरी स्वस्त मालात गाळतात. जुनी चपट्या मोठ्या पिनची वायर वापरा, ती ओळख विचारत नाही. प्रवासाच्या पिशवीत तीच ठेवा.

विमानाने कधी गेलात तर दिवा हातातल्या सामानात घ्या, आत लिथियम सेल असतो.

आणि बाबांना एक सांगा, काढून ठेवताना दिव्याचं डोकं धरून ओढायचं नाही, मधली मान धरायची. आतली तार नेहमी डोक्याच्या मुळाशी तुटते. तुटलीच तर मिरजेला कुरिअर करा, टाका मारून देतो.

मधली_बर्थ

काका, पत्ता खासगी निरोपात पाठवा. बाबांचा हात बघता लागेलच.