मदत हवी आहे: भजनी मंडळातल्या काकांना इथिओपिया-मालीची गाणी कशी ऐकवू?

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने मी आफ्रिकेतलं संगीत ऐकतेय आणि त्यातून बाहेर यावंसंच वाटत नाही. हे आता घरात आणि घराबाहेर चार जणांना ऐकवायचं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

सुरुवात सांगते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ओट्यावर फोनवर इथिओपियातलं एक तेजेता चालू होतं. तेजेता म्हणजे अम्हारिक भाषेत आठवण, आणि त्या नावाचा गाण्याचा एक प्रकारच आहे. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "भूप राग लावलायस का गं? कोण गातंय?"

बाबा बाहेर आले, दाराशी उभं राहून पूर्ण गाणं ऐकलं आणि पेटी काढली. गाण्याचा सा काळी तीनच्या (पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास होता. काळी तीनला सा धरला की भूपाचे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात, पांढरीला हात लावावा लागत नाही. डाव्या हाताने भाता आणि उजवा हात काळ्या पट्ट्यांवर, असे बाबा डोळे मिटून त्या गाण्याच्या मागे मागे गेले. एक शब्द कळत नव्हता. दोन वर्षांत त्यांनी पेटीवरचं कापड काढलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबांचं पंचवटीत भजनी मंडळ होतं. आता सगळे सत्तरीपुढचे. कुणाचे गुडघे, कुणाचा दम, त्यामुळे भजन थांबलं. पण शनिवारी पाच जण आमच्या गच्चीवर चहाला जमतात. बाबाच म्हणाले, "त्यांनाही ऐकव."

मागच्या शनिवारी प्रयत्न केला आणि फसला. मालीच्या अली फार्का तूरे यांचं गिटारवरचं एक लांब गाणं लावलं. दोन मिनिटांत द्राक्षाच्या छाटणीचा विषय निघाला. "छान आहे हो" म्हणाले सगळे, पण ते माझं मन राखायला. मला फार लागलं. गाण्यात काही कमी नव्हतं, मीच त्यांना धरायला काही दिलं नाही, असं वाटतं.

माझ्याकडे आणखी आहे ते असं: केप व्हर्डेच्या सेझारिया एव्होरा, अनवाणी गाणाऱ्या, पन्नाशीच्या आसपास जगाला माहीत झालेल्या. त्यांचा आवाज ऐकताना मला जात्यावरच्या बाया आठवतात. इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू, ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या आणि पियानो वाजवायच्या. २०२३ मध्ये जेरुसलेममध्ये वारल्या, वयाच्या ९९व्या वर्षी. शिवाय पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार एकत्र असलेली १९९३ची ध्वनिमुद्रिका.

तासाभरात बसेल असा क्रम कसा लावू? आधी अर्थ सांगावा की नुसतं ऐकू द्यावं? आणि भूपासारखे ओळखीचे सूर असलेलं अजून काय शोधू?

प्रतिसाद

ताई, तुमच्या बाबांनी जे ओळखलं ते अगदी खरं आहे, फक्त एक पाऊल पुढे जा. तेजेताच्या एका प्रकाराचे सूर सा रे ग प ध हेच आहेत. पण त्याला भूप म्हणून थांबू नका. आपल्याकडे देशकारचेही तेच पाच सूर, तरी भूपात गंधारावर (ग) वजन आणि देशकारात धैवतावर (ध), म्हणून दोन वेगळे राग. तेजेता हे त्यांचं तिसरं भावंड समजा. तेजेता कुठल्या सुरावर थांबतं, ते काकांनाच शोधायला सांगा. चाळीस वर्षं भजन केलेले कान आहेत, त्यांना काम द्या.

क्रम देशांप्रमाणे न लावता सा सरकवून लावा. भूपाच्या धैवताला सा मानलं की धानी राग मिळतो, पंचमाला (प) मानलं की दुर्गा, गंधाराला मानलं की मालकंस. मालीच्या गिटारीत धानीचे सूर पुष्कळ सापडतात. बाबांना पेटीवर आधी धानीची सरगम वाजवू द्या, मग अली फार्का लावा. पहिली तीन मिनिटंच, पूर्ण नको.

अर्थाआधी माणूस सांगा. अली फार्का नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचे, शेती करणारे, पुढे तिथले महापौर झाले. छाटणीचा विषय निघालाच तर निघू दे, तो याच गाण्याच्या वाटेवरचा आहे.

आणि सुरुवात नाशिकपासून करा. गायक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम तुमच्या गावातला. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले आणि अवघ्या ३४व्या वर्षी गेले. त्यांचं एक भजन आधी लावा. काका गुणगुणायला लागले की मगच तेजेता.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे वाचून दाखवलं. धैवताला सा धरून त्यांनी तीनदा वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर धानीच." मग मूर्च्छना, म्हणजे असा सा सरकवणं, लहानपणी कशी शिकले, ते झोपेपर्यंत सांगत होते.

पलुस्करांचं भजन पहिलं, हे ठरलं. मग तेजेता, मग पेटीवर धानी, मग अली फार्का, मग मोहनवीणा. एमाहोय यांचा पियानो शेवटी, दिवे लागल्यावर.

आता एकच अडचण राहिली आहे. माझ्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ठेका दणदणतो आणि आवाज मागे जातो, उघड्या गच्चीवर तर जास्तच. एका काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवू की मध्यभागी सतरंजीवर? खर्ज (बास) कमी करायची सोय फोनमध्ये असते का? ज्यांनी घरी अशी बैठक केली आहे त्यांनी सांगा. शनिवारी साडेपाचला सगळे येतील.