अमॉर्फस तारेचा ५ सेंमीचा तुकडा पल्स का देत नाही?

गंगापूररोड_लॅब
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. तार अमॉर्फस (अणूंची स्फटिकी मांडणी नसलेली), फिरत्या पाण्यात थंड केलेली, अणूंच्या टक्क्यांत लोह ७७.५, सिलिकॉन ७.५, बोरॉन १५; व्यास १२५ मायक्रॉन. सोलेनॉइड २० सेंमी लांब, मीटरला १००० फेरे, ५० हर्ट्झला करंटचं शिखर २० मिलिअँपिअर. मधोमध ५०० फेऱ्यांची १ सेंमीची पिकअप कॉइल (तारेचं चुंबकन उलटलं की व्होल्टेज पकडणारी). १२ सेंमीच्या तुकड्यावर ऑसिलोस्कोपवर सुईसारखा पल्स येतो. तोच कापून ५ सेंमी केला की नुसता पसरट फुगवटा. त्यात काल सेटअप खिडकीकडच्या टेबलावर आडवा फिरवून ठेवला, तर १२ सेंमीवालाही गप्प. तार खराब झाली का?

चुंबकवाला_सातपूर
तार ठीक आहे, लांबी कमी पडतेय. थंड होताना बाहेरचा थर आधी गोठतो, आतला भाग नंतर आकसतो, म्हणून गाभ्यात अक्षाच्या दिशेने ताण अडकून राहतो. या मिश्रधातूचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनाने लांबी बदलणं) धन, त्यामुळे गाभ्याचं चुंबकन ताणाच्या दिशेने, तारेच्या लांबीत जातं. बाहेरच्या कवचात ते त्रिज्येच्या दिशेने असतं. पल्स देतो तो एकसंध गाभा: एका टोकाकडून डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित भागांमधली, म्हणजे डोमेनमधली सीमा) सुटते आणि एका झटक्यात पार जाते.

पण दोन्ही टोकांना विचुंबकन क्षेत्रामुळे (तारेचं स्वतःचंच उलट क्षेत्र) क्लोजर डोमेन, म्हणजे टोकाशी वेगळ्या दिशेने वळलेले डोमेन, तयार होतात आणि काही सेंमीपर्यंत गाभा खातात. १२५ मायक्रॉनच्या या तारेला झटक्याने उलटायला साधारण ७ सेंमी लांबी लागते. ५ सेंमीत दोन्ही टोकांचे डोमेन मध्यापर्यंत पोचतात. खात्री करायची तर १२ सेंमीच्या तुकड्यावर पिकअप मध्यापासून टोकाकडे अर्धा-अर्धा सेंमी सरकवा. पल्स कुठे खुजा व्हायला लागतो ते नोंदवलंत की क्लोजर डोमेनची लांबी हातात आली.

छोटाच तुकडा हवा असेल तर काचेचं आवरण असलेली मायक्रोवायर घ्या. दहा-पंधरा मायक्रॉनच्या तारेला काही मिलिमीटरही पुरतात.

होकायंत्र
दुसरा घोळ पृथ्वीचा आहे. नाशिकला भूचुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३९ मायक्रोटेस्ला, म्हणजे ३० अँपिअर प्रति मीटरच्या आसपास. तुमच्या सोलेनॉइडचं शिखर फक्त २०. तार उत्तर-दक्षिण ठेवलीत तर एकूण क्षेत्राची दिशा कधी उलटतच नाही, मग वॉल परत कशी येणार? ही तार १० अँपिअर प्रति मीटरच्या आसपासच उलटते, म्हणून पूर्व-पश्चिम असताना २० पुरलं. करंटचं शिखर १०० मिलिअँपिअर करा आणि तरीही पूर्व-पश्चिमच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पल्स सारख्या अंतरावर येतील. बाकड्याखालचं लोखंडी कपाट, स्पीकर दूर.

पल्सचा आकडाही ताडून बघा: काटछेद १.२३ × १०⁻⁸ चौ. मी., गाभ्यातला बदल साधारण १.६ टेस्ला, गुणिले ५०० फेरे, म्हणजे पल्सखालचं क्षेत्रफळ अंदाजे १० मायक्रोव्होल्ट-सेकंद. १०० मायक्रोसेकंदांचा पल्स असेल तर ०.१ व्होल्टच्या घरात. फारच कमी आलं तर आधी कॉइलचे जोड तपासा.

गंगापूररोड_लॅब
धन्यवाद सर, टेबल आजच फिरवतो. डोमेन डोळ्यांनी बघता येतील का? फेरोफ्लुइड (बारीक चुंबकीय कण असलेला द्रव) आहे, मेटॅलर्जिकल मायक्रोस्कोप आहे.

चुंबकवाला_सातपूर
येतील, पण फक्त पृष्ठभागावरचे. गाभा असा दिसणार नाही, त्याला पिकअप कॉइलच. तार ॲसिटोनने पुसा. पॉलिश पेपर अजिबात मारू नका: ओरखड्यांचा ताण स्वतःचे डोमेन उभे करतो आणि तुम्ही त्यांचाच फोटो काढून बसता. पाण्यात पातळ केलेल्या फेरोफ्लुइडचा लहानसा थेंब, वर कव्हर स्लिप, २०० पट वाढ. फोकस तारेच्या माथ्याच्या अरुंद पट्ट्यावरच बसेल. तिथे नागमोडी चक्रव्यूहासारखी नक्षी दिसेल. कवचातलं त्रिज्यीय चुंबकन पृष्ठभागावर येतं ते असं. चित्र फिकं वाटलं तर पृष्ठभागाला लंब असं सौम्य क्षेत्र द्या.

तुलनेला कोबाल्ट ७२.५, सिलिकॉन १२.५, बोरॉन १५ ची तार मिळाली तर जरूर बघा. तिचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण, म्हणून कवचाचं चुंबकन परिघावरून फिरतं आणि तारेवर बांबूच्या पेरांसारखे आडवे पट्टे उमटतात.

होकायंत्र
कापताना धारदार कटर वापरा, आणि तार बोटांत वाकवून तोडू नका. वाकलेल्या जागी ताण बदलतो, वॉल तिथेच अडकते आणि एका पल्सचे दोन दिसतात.