गालावरचे वांग जाईनात, काय करू?

तासगावची सून: द्राक्षबागेत थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) महिनाभर उन्हात होते, दोन्ही गालांवर वांग उठलेत. सासूबाई म्हणल्या लिंबू चोळ, चोळलं तर नुसती आग आणि डाग अजून काळे. कुणाला कशाचा गुण आलाय का?

मिरजकर: लिंबू पहिलं बंद करा ताई, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, माझ्या कपाळावर तसाच पट्टा उठलेला

विट्याची ताई: आणि मेडिकलमधली गोरं करायची ट्यूब नको गं, स्टेरॉइड असतं बऱ्याच ट्यूबमध्ये, मला आठवड्यात उजळ वाटलं, सोडल्यावर दुप्पट काळं. एसपीएफ ३० च्या पुढचं टिंटवालं (कातडीच्या रंगाचं) सनस्क्रीन लाव, दर २ तासानं परत, घामानं जातंय ते. महिने लागतात पण.

तासगावची सून: स्टोल बांधतेच की, गाल तेवढे उघडे राहतात 😅